वाढदिवसाचा शब्दमेघ

सहावीच्या बाईंची जीभ मोठी तिखट, पण वर्गात हशा पिकवावा तर त्यांनीच! पोरं त्यांच्यावर जीव टाकत. हल्ली बाईंनी एक नवी टूम काढली होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्याबद्दल प्रत्येकाने शाळेच्या टॅबलेटवर एकच शब्द लिहायचा, स्वतःचं नाव न घालता. ते सगळे शब्द समोरच्या पडद्यावर गोळा होऊन त्यांचा शब्दमेघ बने. जो शब्द जास्त जणांनी लिहिलेला, तो मोठा दिसे. मग त्याची रंगीत प्रत वाढदिवसाची भेट म्हणून घरी जाई.

त्या दिवशी खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीचा वाढदिवस होता. अक्षर मोत्यासारखं, पण हात सावकाश. नवा फ्रॉक घालून ती सकाळपासून वाट बघत होती.

"चला, लिहा पटापट! आणि खरं खरं लिहा हं," बाई म्हणाल्या.

'शांत' आला, 'चित्रकार' आला, आणि बघता बघता त्या दोघांना कोपऱ्यात ढकलून एकच शब्द पडदाभर पसरला. 'गोगलगाय'!

वर्ग खो खो हसला. बाईंनी पडदा बंद केला आणि त्या कडाडल्या, "कोणी लिहिलं हे? लाज नाही वाटत?"

पहिल्या बाकावर एक बडबडी होती, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती उठून म्हणाली, "पण बाई, तुम्हीच तर तिला रोज म्हणता ना, 'काय गोगलगाय, झालं का लिहून?' आम्हाला वाटलं, तेच बरोबर."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खिडकीशी गेल्या. "अगं, मनावर घेऊ नकोस. चार टवाळांनी लिहिलं असेल."

मान वर न करता मुलगी म्हणाली, "मीही तेच लिहिलं, बाई. मला माझ्याबद्दल दुसरं काही सुचलंच नाही."

मधल्या सुट्टीत बाई मुख्याध्यापिकांसमोर उभ्या राहिल्या. "पोरांच्या हाती हे असलं यंत्र द्यायलाच नको होतं!"

"यंत्रावर कशाला खापर फोडता?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जे जास्त वेळा आलं ते मोठं करायचं, एवढंच त्याला येतं. लहान मुलांचंही तसंच आहे. तुमच्यावर त्यांची माया आहे, म्हणून तर तुमचा शब्द त्यांनी खरा मानला."

"मी गमतीने म्हणत होते हो."

"ती हसली होती का कधी?"

बाईंना आठवेना. इतक्या दिवसांत त्यांनी तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं!

सुट्टीनंतर त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. "मघाशी मी तुम्हाला रागावले. चूक तुमची नाही, माझी आहे. मी तिला नावं ठेवली, तुम्ही ती नुसती गिरवलीत. आता तिची माफी मागायची आहे मला."

आणि त्यांनी त्या मुलीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. ती हललीच नाही! दुसरी हाक मारली, तेव्हा शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, "अगं, तुलाच बोलावतायत!" मग कुठे ती दचकून उठली. ते पाहून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या वर्गादेखत त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

वाचकहो, 'मंद', 'रडकी', 'ढब्बू' असं आपणही घरात, कचेरीत सहज बोलून जातो आणि विसरतो. ऐकणारा विसरत नाही. म्हणून कुणाला हाक मारताना आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघावं, आणि तो हसत नसेल तर आपली गंमत आपल्यापाशीच ठेवावी.