एका पाठीवर तीन हवामाने

मित्रांनो, नव्या कोऱ्या वस्तूंकडे सांगण्यासारखे फारसे काही नसते. माझ्याकडे मात्र पुष्कळ आहे, कारण मी एक जुनी पाठपिशवी आहे. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता तो नक्की कोणता म्हणावा यावर घरात एकमत नाही. माझ्या डाव्या पट्ट्यावर वेगवेगळ्या दोऱ्यांचे टाके आहेत. तळाच्या शिवणीत वाळूचे काही कण बसले आहेत, ते कितीही झटकले तरी निघत नाहीत. आता ते माझेच झाले आहेत.

माझा जन्म तंबू शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. मोठा तंबू बेतून उरलेला कापडाचा तुकडा त्याने बाजूला ठेवला आणि आपल्या लेकीसाठी त्यातून मला शिवले. दुहेरी शिवण घातली, कापडावर मेण चोळले, पितळी बकले लावली. लेक डोंगर चढणारी होती. तिच्या पाठीवरून मी किती कडे आणि किती घळी पाहिल्या! मुक्कामावर पोचली की ती माझ्यावर डोके टेकून झोपायची. तिच्या मैत्रिणी मला हाताने चाचपून म्हणायच्या की असे काम आता कुठे मिळते! तेव्हा माझी शिवण अभिमानाने ताठ व्हायची.

पुढे लेकीला हलकी, चकचकीत कापडाची नवी पिशवी मिळाली आणि मी परत दुकानात आले. कारागिराने मला कापायच्या टेबलाखाली सरकवले. माझ्यात चिंध्या, मोडकी बकले आणि गंजलेल्या कात्र्या साठत गेल्या. एका उंदराने माझा कोपरा कुरतडून पाहिला आणि चव न आवडल्याने सोडून दिला. वर्षे गेली. उंदरालाही नकोशी झालेली वस्तू, याहून वाईट काय असते?

अशात एके दिवशी दुकानात भूगोलाच्या बाई आल्या. गावात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. शाळेत त्यांनी जन्मभर वाळवंटे, पर्जन्यवने आणि हिमशिखरे शिकवली होती. पण स्वतः गावाची वेस क्वचितच ओलांडली होती. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचे सगळे बाई करत असत. आता आई गेली होती, नोकरीही संपली होती. बाईंनी ठरवले होते की जे फळ्यावर शिकवले ते डोळ्यांनी बघायचे. आधी वाळवंट, मग समुद्राकाठची पावसाळी जंगले आणि शेवटी बर्फाचे डोंगर. सगळे मिळून सहा महिन्यांचा प्रवास, तोही एकटीने.

कारागिराने त्यांना चाकांच्या बॅगा दाखवल्या. बाईंनी एकच विचारले, चाके वाळूत फिरतात का? तो हसला आणि म्हणाला की वाळूतही नाही आणि बर्फातही नाही. मग वाकून त्याने मला टेबलाखालून ओढले. चिंध्या बाहेर पडल्या, धूळ उडाली, बाई शिंकल्या आणि त्यांनी मला पसंत केले.

बाई आपल्या थोरल्या भावाकडे राहत. घर तिसऱ्या मजल्यावर होते. भावाला त्या दादा म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. दादांना हा प्रवास मुळीच पटला नव्हता, आणि ज्यांना एखादी गोष्ट पटत नाही त्यांच्यासारखे ते गप्प गप्प वावरत होते. वहिनींनाही पटले नव्हते, पण त्या बोलून मोकळ्या होत आणि लगेच मदतीला लागत.

आता माझी खरी परीक्षा सुरू झाली. बाईंनी वाळवंटासाठी पातळ कपडे काढले, पावसासाठी वेगळे, बर्फासाठी आणखी वेगळे. प्रत्येकाचे बूट निराळे. त्यावर वहिनींचे सुरू झाले. गरम पाण्याची पिशवी, उशी, खाऊचे डबे, छत्री आणि छत्री मोडली तर दुसरी छत्री. गुडघ्याच्या मलमाच्या तर इतक्या बाटल्या की एवढे गुडघे माणसाला असतात का, असे मला वाटले. माझी बकले लागेनात, तेव्हा वहिनी माझ्यावर चक्क बसल्या. दादांनी दारातून पाहिले आणि म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

बाईंनी मला पाठीवर घेतले आणि सरावासाठी जिना उतरायला सुरुवात केली. पहिल्याच वळणावर तोल गेला. नाकापेक्षा मोती जड झाला होता. मी खाली, बाई माझ्यावर उताण्या, आणि पाय कासवासारखे वर. दादा धावत आले. त्यांनी माझे पट्टे सोडवले, बहिणीला हात देऊन उठवले. बाई पायरीवर बसून चष्मा पुसू लागल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच राहिल्या.

मग दादा शेजारी टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तेवढा हक्क तू कमावला आहेस. पण तुझं सामान उचलायला मी तिथे नसेन ना."

बाईंनी चष्मा चढवला आणि मला ओढत परत वर नेले. मला वाटले, संपले सारे. आता मी पुन्हा कुठल्या तरी टेबलाखाली जाणार.

पण दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पलंगावर पालथे केले. सामानाचा डोंगर झाला. त्याच्याकडे त्या कितीतरी वेळ बघत बसल्या आणि एकदम हसू लागल्या. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

बाई म्हणाल्या, "वहिनी, मी तीन बायकांचं सामान भरलं होतं हो. एक वाळवंटात जाणारी, एक पावसात, एक बर्फात. आणि जाणार तर मी एकटीच!"

त्या दिवशी माझे वजन उतरले. जी वस्तू एकाच ठिकाणी कामाची, ती बाहेर. जी तिन्ही ठिकाणी चालेल, ती आत. पातळ सुती सदरे, एक बिनबाह्यांचा स्वेटर, एक मोठा रुमाल, एक रेनकोट, चालून चालून मऊ झालेले एकच बूट. वहिनींनी दुसरी छत्री स्वतःच काढली आणि थोड्या वेळाने पहिलीही. जाड ओव्हरकोट काही केल्या मावेना, तेव्हा तोडगा वहिनींनीच काढला. तो पार्सलने पुढे डोंगरातल्या गावी पाठवायचा आणि तिथल्या पोस्टातून घ्यायचा. मग बाई रोज मला घेऊन जिना चढू-उतरू लागल्या. शेजारचे दार उघडून बघत. बाई त्यांना नमस्कार करून पुढे जात. निघायच्या सकाळी दादांनी मला उचलून पाहिले, मान डोलावली आणि माझा पट्टा बहिणीच्या खांद्यावर नीट बसवून दिला.

वाळवंटात आम्हाला पहिला धडा मिळाला. दुपारी माझी बकले इतकी तापत की बाईंना हात लावता येत नसे. पहाटे मात्र दात वाजायचे. बाईंनी सदऱ्यावर सदरा चढवला, त्यावर स्वेटर, त्यावर रुमाल गुंडाळला आणि त्यांना कळून चुकले की एका जाड कपड्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर अधिक ऊब देतात. कपड्यांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते. शाळेत हे त्यांनी किती वर्गांना लिहून दिले होते, पण स्वतःच्या अंगाला ते त्या पहाटे कळले.

पावसाळी जंगलात सगळे उलटे. तिथे काहीच वाळत नसे. माझ्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी आली. बाई ती रोज कोरड्या फडक्याने पुसत आणि मला खाणावळीच्या चुलीजवळ टांगत. होडीतून उतरताना धो धो पाऊस कोसळला. एका प्रवाशाची चाकांची ऐटबाज बॅग चिखलात रुतली आणि तिला बाहेर काढायला दोघेजण लागले. माझ्या मेणकापडावरून पाणी सरळ ओघळून गेले. आत सारे कोरडे. मला मनातल्या मनात हसू आले. ते बरे नव्हे, पण खरे आहे.

मग आम्ही डोंगरातल्या गावी पोचलो. पोस्टातल्या माणसाने खालपासून वरपर्यंत फळ्या धुंडाळल्या. पार्सल आले नव्हते. बाईंनी घरी फोन लावला, तेव्हा कळले की पत्ता अपुरा म्हणून ओव्हरकोट आदल्याच दिवशी वहिनींच्या दारात परत आला होता. वहिनींनी विनवून सांगितले की वन्सं, आता पुरे, परत या. दादांनी फोन घेतला आणि फक्त विचारले की पाठ कशी आहे. बाई म्हणाल्या की ठीक आहे.

मोसम संपत आला होता. गरम कपड्यांची बहुतेक दुकाने बंद झाली होती. एका म्हातारीकडे लोकरीची टोपी, हातमोजे आणि जाड पायमोजे मिळाले. खिंडीपलीकडे जाणारी बस सुटायला उभी होती. आकाश निळे होते. ड्रायव्हर म्हणाला की दुपारच्या आत पलीकडे पोचू. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मला घेऊन त्या बसमध्ये चढल्या.

खिंडीजवळ आभाळ भरून आले. बर्फ पडू लागला आणि बघता बघता रस्ता दिसेनासा झाला. पुढे बर्फाची दरड कोसळली होती, मागे बर्फ साचत होता. बस थांबली. ड्रायव्हरने फोनवरून खबर दिली. बर्फ काढणारे यंत्र निघाले होते, पण यायला वेळ लागणार होता. बर्फाने बुजलेल्या नळीतून धूर आत येऊ नये म्हणून त्याने इंजिन बंद केले. हळूहळू गारठा आत शिरला. काचा पांढऱ्या झाल्या. पुढच्या बाकावर एक तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. नवऱ्याची नोकरी पलीकडच्या गावात होती, त्याच्याकडे ती निघाली होती. बाळ आधी रडत होते. मग त्याचे रडणे बारीक होत गेले. आई घाबरून त्याचे तळवे चोळू लागली.

प्रत्येक जण आपापली पिशवी पोटाशी धरून बसला होता. कोणाच्या पिशवीत घोंगडी होती, पण डोक्याला काही नव्हते. कोणाकडे टोप्या होत्या, पण पायमोजे भिजलेले. तेव्हा बाई उठल्या. आवाज अगदी वर्गातला होता.

"सगळ्यांनी आपापलं सामान उघडा. आता एकाची पिशवी ती सगळ्यांची पिशवी. आणि ड्रायव्हरदादा, जुनी वर्तमानपत्रं आहेत का?"

मित्रांनो, त्या आवाजाला कोणी नाही म्हणू शकले नाही. एक जाडजूड व्यापारी थोडा कुरकुरला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. त्याने बॅग उघडली आणि त्यातून एक नव्हे, तीन शाली निघाल्या. बाईंनी सर्वांना दोघादोघांनी चिकटून बसायला लावले. कपड्यांच्या थरांत चुरगाळलेले वर्तमानपत्र खोचायला शिकवले. ओले मोजे काढायला लावले.

मग त्यांनी मला रिकामे केले. माझ्या तळाशी कागदाचा थर घातला, त्यावर कोरडे सुती सदरे पसरले. बाळाला स्वेटरमध्ये गुंडाळून, स्वतःची लोकरीची टोपी त्याला घालून, त्यांनी त्याला माझ्यात ठेवले. तोंड तेवढे बाहेर. मला आईच्या छातीशी धरून बाईंनी व्यापाऱ्याच्या शाली आम्हा दोघींभोवती लपेटल्या.

जन्मभर मी पुष्कळ ओझी वाहिली होती. पण असे जिवंत ओझे मी कधी सांभाळले नव्हते. मी वारा आत येऊ दिला नाही. ओल आत येऊ दिली नाही. बराच वेळ बाळ हललेच नाही आणि माझी एकेक शिवण भीतीने ताणली गेली. मग आत हळूहळू ऊब साठू लागली. एका लहानशा पायाने मला आतून लाथ मारली. पुन्हा मारली. आणि मग बाळ असे खणखणीत रडले की सारी बस हसू लागली. आई हसता हसता रडत होती. व्यापाऱ्याने आपला खाऊचा डबा काढला आणि स्वतःहून सर्वांपुढे फिरवला.

उजेड असतानाच यंत्र आले. पलीकडच्या गावात बाळाचा बाप रस्त्यावरच उभा होता. त्याने मला दोन्ही हातांनी घेतले आणि आत डोकावून पाहिले. मग त्याने बाईंना वाकून नमस्कार केला.

दोन दिवस विसावा घेऊन बाई गावामागच्या वाटेने वर निघाल्या. बाळाच्या बापाने त्यांना आपला जाड कोट दिला होता. सोबत येऊ का, असे त्याने विचारले. मला उचलायलाही तो तयार होता. बाई म्हणाल्या की पिशवी माझ्या सवयीची आहे. हवा स्वच्छ होती. आधी झाडे मागे पडली, मग गवत, मग नुसते दगड, आणि एका वळणावर बर्फ सुरू झाला. बाई थबकल्या. हिमरेषा! फळ्यावर खडूने त्या ती सरळ रेघ ओढून दाखवत. इथे रेघ कुठेच नव्हती. बर्फ होता, दगड होते, मधून पाझरणारे पाणी होते. बाईंनी खाली पाहिले, एक पाऊल पुढे टाकले आणि बर्फ करकरला. समोर शिखरांची रांग उन्हात उभी होती. बाईंनी मला खाली ठेवले नाही. त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आले बरं का मी."

तिथे ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते. पण एवढी मोठी हाक मी आजवर ऐकलेली नाही.

आता मी घरी दाराजवळच्या खुंटीवर असते. समुद्रातल्या बेटांवर जायचे चालले आहे आणि या खेपेला वहिनीही निघणार आहेत. त्यांची स्वतःची पाठपिशवी आली आहे, नवी, लाल. दादा तिचे पट्टे रोज कमी-जास्त करून बघतात. मी तिला दोन गोष्टी सांगू पाहते, पण नव्या वस्तू फारसे ऐकत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी पिशवी असेल. तिला झटका, ऊन दाखवा, उसवली असेल तर दोन टाके घाला. ओली असेल तर घडी घालू नका. भरताना तुम्हाला पेलेल इतकेच भरा आणि वाटेत कोणाला गरज पडली तर ती बेधडक रिकामी करा. जुनी झाली म्हणून तिला अडगळीत टाकू नका. दाराजवळ टांगा. तिथून रस्ता दिसतो.