अप्पांच्या पाठ म्हणी

चैत्रानं लबाडी केली होती, पण ती बापासाठी केलेली. त्यामुळे तिला ती लबाडी वाटतच नव्हती.

तिचे अप्पा, अंबाजीराव, म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मराठी पूर्वज तिथल्या राजाच्या फौजेत होते. तलवारी गेल्या आणि हातात पाना आला, पण ताठा तलवारीचाच राहिला. गेल्या महिन्यात हे अप्पा दुकानाला म्हणून निघाले आणि सापडले दुसऱ्याच गावी, कृष्णराजनगरच्या बसस्टँडवर. इस्पितळात त्यांना कन्नड म्हणींचे अर्थ विचारले, तेव्हा ते डाफरले, "कन्नड बेडा! माझी भाषा मराठी. मराठीत विचारा!" बेडा म्हणजे नको, आणि तो शब्द कन्नडच. पण हे त्यांना सांगणार कोण?

मग मराठी डॉक्टर मिळाली, पुण्याहून आलेली मृदुला. माणूस म्हणीचे नुसते शब्द सांगतो की मर्म सांगतो, यावरून डोकं कसं चालतंय ते थोडंफार कळतं, असं तिनं समजावलं. बाकीही तपासण्या होत्या, पण चैत्राच्या डोक्यात म्हणीच घर करून बसल्या. निकाल वाईट आला तर अप्पांचं दुकानात एकट्यानं बसणं बंद. आणि दुकान बंद म्हणजे अप्पा संपलेच, ही तिची खरी धास्ती.

त्यात घरातली मराठी बेताची. अर्ध्या म्हणी कन्नड, उरलेल्या अप्पांनी स्वतः जुळवलेल्या. 'नाचता येईना अंगण वाकडं' हे चैत्रानंच पहिल्यांदा वाचलं, तेही फोनवर. कधी कानावरच न पडलेल्या म्हणीत बाप नापास झाला तर त्यात बापाचा काय दोष? असा न्याय करून ती रोज संध्याकाळी अप्पांकडून म्हणी पाढ्यांसारख्या घोकून घेऊ लागली.

"अप्पा, 'दुरून डोंगर साजरे' म्हणजे?"

"लांबनं सगळं छान दिसतं. जवळ गेल्यावर कळतं. आयतु? झालं? आता कॉफी दे गं."

तिला हायसं वाटायचं. म्हणी पाठ होत होत्या, पण दुकानाची किल्ली कुठल्या कुलपाची हे अप्पा रोज सकाळी नव्यानं विचारत होते. त्याकडे तिनं सरळ डोळेझाक केली.

तपासणीच्या दिवशी मृदुलानं विचारलं, "काका, 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणजे?"

"कितीबी सांगितलं तरी उपयोग नाही."

"आणि 'उथळ पाण्याला खळखळाट फार'?"

"ज्याला कमी कळतं, तो जास्त बोलतो."

मृदुला हसली. "काका, तुम्ही तर एकदम पक्के!"

चैत्राची छाती फुगली. तेवढ्यावर गप्प बसावं ना! पण माणसाला कौतुक पचत नाही हेच खरं. ती म्हणाली, "मॅडम, अप्पांची स्वतःची म्हण विचारा की. 'चाक पुढंच फिरवा, मागं फिरलं की दोरा तुटतो.' सगळ्या मंडी मोहल्ल्याला पाठ आहे."

ती म्हण अप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. चैत्रा बारावीत नापास झाली तेव्हा रागवायचं सोडून त्यांनी तीच ऐकवली होती. आई गेल्यावर पहिल्यांदा दुकान उघडलं, तेव्हा शटर वर करताना तीच पुटपुटले होते.

मृदुलानं विचारलं. अप्पांनी डोळे बारीक केले, ओठ हलवून पाहिले. मग चैत्राकडे वळून ओशाळल्यासारखे म्हणाले, "ही तू शिकवली नाहीस गं."

दमलेत ते, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. पण अप्पा तिच्याकडे आशेनं बघत होते, आता ती उत्तर सांगेल म्हणून.

"मॅडम," ती म्हणाली, "आधीचं सगळं खोडा. ते मी घोकून घेतलं होतं." आणि तिला रडू फुटलं.

अप्पांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतेस कशाला? ही पण शिकव की. उद्यापर्यंत पाठ करतो."