कात्रीचं बोट

दुकानाचं शटर घसरलं आणि आमच्या यांचं उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट त्यात सापडलं. न्हाव्याचं नेमकं तेच बोट कात्रीच्या कडीत जातं. संध्याकाळपर्यंत ते टम्म सुजलं.

थोरले दीर सल्ले द्यायला टपलेलेच होते. "हलवून दाखव. हललं ना? मग मोडलेलं नाही. मुरगळलंय." असं म्हणून त्यांनी बोट चोळलं, वर ओढलंही. हे कळवळले आणि माझं डोकं फिरलं. "भाऊजी, हात लावाल तर खबरदार!" मी म्हणाले आणि यांना दवाखान्यात नेलं.

एक्स-रेत हाडाला तडा होता, पण बोट सरळ दिसत होतं. मी हुश्श करणार तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हळूच मूठ वळा." वळली, तर ते बोट मधल्या बोटाखाली शिरलं.

"हाड मोडून फिरलंय. असंच जुळलं तर मूठ नीट मिटणार नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची झाकतच नव्हती. यांनी एवढंच विचारलं, "कात्री धरता येईल ना?"

"आधी जागेवर बसवू," बाई म्हणाल्या. इंजेक्शनने बोट बधीर करून त्यांनी हाड वळवून बसवलं, पुन्हा मूठ मिटवून नखं एका रांगेत येतात का ते निरखलं. मग मध्ये कापूस घालून ते बोट मधल्या बोटाशी बांधलं. "सरकलं, तर तार घालावी लागेल."

सरकलं नाही. पण पट्टी निघाली तेव्हा बोट लाकडासारखं ताठ झालं होतं. रोज कोमट पाण्यात हात, मूठ वळा, उघडा. हे वैतागायचे, मी त्यांच्यावर वैतागायचे. दीर मुकाट्याने पाणी आणून द्यायचे. त्यांनी दुसऱ्या कुणाकडे केस कापायचे नाहीत असं ठरवलं होतं, त्यामुळे डोक्याचं नुसतं जंगल झालेलं.

एके सकाळी यांनी मूठ वळली. चारही बोटं एका रांगेत मिटली. मी ओरडलेच. हे तडक दुकानात गेले, कात्री उचलली आणि केसाला लावण्याआधी नेहमी वाजवायचे तशी हवेत वाजवली. कच् कच्. तो आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं.

दीर आधीच खुर्चीत जाऊन बसले होते.

"दादा, कान सांभाळा," हे म्हणाले, "हात अजून नवा आहे."

"काप रे," दीर डोळे मिटून म्हणाले. "एखादा गेला तरी चालेल."

दोन्ही कान शाबूत राहिले.