एलित्साच्या चित्राभोवतीची कड

मित्रांनो, लोम गावात ग्रोझदानच्या छपाईच्या दुकानात गेलात, तर खिडकीपाशी एक जड पेपर कटर दिसेल. पाट्याचा हिरवा रंग उडालेला, दांड्याला चिंधी गुंडाळलेली. तो मी. माझ्या हातून जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा माझं पातं असं होतं, की आपण कापले गेलो हे कागदालाही कळत नसे. तेव्हा मी लग्नाच्या पत्रिका कापत होतो, शाळेच्या वह्या कापत होतो. पुढे गावातली तरुण माणसं कामासाठी परदेशी गेली. मागे म्हातारे राहिले. पत्रिका कमी झाल्या आणि मरणाचे कागद वाढले. माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव काळ्या चौकटीत छापायचं, आणि तो कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर लावायचा. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी.

चौकटीबाहेर बोटभर पांढरी कड सोडायची, हा ग्रोझदानचा नियम. तो म्हणायचा, "टाचणी कडेला लागावी, माणसाला नको." लोकांना ते आवडायचं. ग्रोझदानचे कागद नीटनेटके असतात, असं गावभर म्हणत. हळूहळू त्याच्या हाताला आणि मला त्या कडेची इतकी सवय झाली, की मोजपट्टी लागेना. मला धार लावणंही त्याने सोडलं. मेलेल्या माणसांची तक्रार येत नाही.

एका शनिवारी सकाळी भाजीच्या दुकानातली त्सोन्का आली. तिची सात वर्षांची एलित्सा रक्ताच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती. उपचार परदेशात होते आणि तिथली तारीख जवळ आली होती. रविवारी शाळेच्या अंगणात तिच्यासाठी बाजार भरणार होता. बायका घरून चीज भरलेली बानित्सा भाजून आणणार होत्या. त्याच बाजारात एलित्साचा फोटो असलेले तीस टी-शर्ट विकायचे होते.

ग्रोझदानने फोटो खास कागदावर उलटा छापला. असा कागद कापडावर ठेवून गरम यंत्राखाली दाबला की चित्र कापडावर उतरतं. पण चित्राबाहेर कागद राहिला, तर त्याच्यावरचा थरही उतरतो. म्हणून कापायचं ते अगदी चित्राला लागून. हे ग्रोझदानला ठाऊक होतं. पण दांडा हातात आला की हात जुनंच ऐकतो. त्याने पाच पानं एकावर एक ठेवली आणि मला खाली ओढलं. मीही नेहमीसारखी बोटभर कड सोडली. पुन्हा पाच पानं, पुन्हा तेच. माझं बोथट पातं खालची पानं ओढत होतं, तरी मी थांबलो नाही.

त्सोन्का दुपारी आली तेव्हा दहा शर्ट झाले होते. पांढऱ्या कापडावर हसणारी एलित्सा, आणि तिच्याभोवती उष्णतेने करपलेली काळपट चौकट.

"हे काय आहे, ग्रोझदानदादा?"

"धुतलं की फिकी पडेल गं ती कड."

"कड? ही कड आहे? माझी पोर घरी सूप पितेय, आणि तुम्ही तिला दारावर लावायला निघालात!"

ग्रोझदानची बायको विओलेता आतून धावत आली. शर्ट पाहून तिने तोंडावर हात ठेवला. "अरे मेल्या, जिवंत माणूस तुझ्या हाताला ओळखूच येत नाही का रे?"

त्सोन्का जमिनीवरच बसली. "हा शर्ट कोण घालेल? लोकांना वाटेल, गेली ती. मग बाजारात कोण थांबेल?"

खास कागद वीसच उरले होते. आता एकही चूक चालणार नव्हती.

विओलेता समोरच्या दुकानातून दोन कटर मागून घेऊन आली. एक माझ्यासारखाच दांड्याचा, पण नवा. दुसऱ्याचं चाकासारखं गोल पातं पट्टीवरून धावत होतं. त्यांनी आधी रद्दीतला गुळगुळीत कागद कापून पाहिला. नव्या दांड्याखालीही तो गुळगुळीत कागद शेवटी थोडा सरकलाच. चाकाच्या कटरात मात्र पट्टीने कागद दाबून धरला आणि चाक सरळ गेलं.

"हाच घेऊ," ग्रोझदान म्हणाला. "चित्राला चिकटून कापतो. कड राहणार नाही."

"पण चौकोन राहील," त्सोन्का म्हणाली. "मला चौकोन नको. कसलाच नको."

मग विओलेताने शिवणाची छोटी कात्री काढली. बाहेरचा जास्तीचा कागद चाकाने काढायचा आणि चेहऱ्याभोवती कात्री चालवायची, असं ठरलं. एका वेळी एकच पान.

"बाहेरून गोल घे," विओलेता त्सोन्काला सांगत होती. "टोक राहिलं तर धुताना तिथूनच सोलतं. आणि कात्री केसांत घालू नकोस."

फोटोत एलित्साचे दाट कुरळे केस होते. औषधांनी ते केव्हाच गेले होते.

"एकही केस कापणार नाही मी," त्सोन्का म्हणाली. ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा कापायची. तिन्हीसांजेपर्यंत वीस शर्ट झाले. चौकटीचे दहा शर्ट ग्रोझदानने हातांनीच फाडले.

रविवारी बाजार झाला. उपचारांची तारीख सोमवारची होती. त्सोन्का एलित्साला घेऊन गेली. अजून काही कळलेलं नाही.

मित्रांनो, हत्यार कामाप्रमाणे निवडा. ते आधी रद्दीवर चालवून पाहा. त्याला वेळेवर धार लावा आणि आपल्या हाताच्या सवयीवर नजर ठेवा. माझ्याकडे कुणाची नजर नव्हती.

पण मला आता धार लावू नका. बोथट पात्यालाच अडून बसता येतं. अजूनही माझ्या पाट्यावर काळ्या चौकटीचे कागद येतात. प्रत्येक कागदावर मी आधी चेहरा पाहतो. म्हातारा माणूस दिसला की खाली येतो. कुरळे केस दिसले, तर माझ्याने खाली येववणार नाही. तेव्हा दांड्यावर जोर देऊ नका. माझ्या दांड्याचा खिळा मोडला तरी चालेल.