खाला म्हणजे कोण

माझ्या नवऱ्याने फोनवर दिलेल्या एका उत्तरामुळे माझ्या मसाल्याचं नाव जाता जाता राहिलं. नामा वाईट माणूस नाही, पण फोन वाजला की त्याच्या अंगात साहेब संचारतो, आणि साहेबाला सगळंच माहीत असतं.

शहाण्णव सालची गोष्ट. नेरुळमधल्या सारसोळे गावात आमचं घर. मागच्या पडवीत मी मसाला भाजायचे, गिरणीवरून कुटून आणायचे आणि पाकिटं भरायचे. पाकिटावर नाव ‘खाला मसाला’, आणि नावाखाली डोक्यावर ओढणी घेतलेल्या, चष्मा लावलेल्या एका बाईचं चित्र. नेरुळ-सानपाड्याच्या दुकानांतून पाकिटं जात होती, आणि वाशीच्या एपीएमसी बाजारातला एक व्यापारीही माल घ्यायला तयार झाला होता. पण त्याने माझ्यासमोर दोन पाकिटं ठेवली. एक माझं, दुसरंही तसंच, तेच नाव, तसंच चित्र, फक्त बाईचा चष्मा गायब. ते कोण भरत होतं कोणाला ठाऊक नव्हतं.

“ताई, पयला नाव रजिस्टर करून घ्या,” तो म्हणाला. “त्याने तुमच्या आधी केला, तर तुमीच डुप्लिकेट ठराल.”

माझं डोकं असं फिरलं की तिथूनच मी चालत सुचिताच्या ऑफिसात गेले. सुचिता म्हणजे वाशीतली तरुण वकील, मूळची साताऱ्याकडची, कामाला चोख. तिने ट्रेडमार्कचा अर्ज तयार केला. अर्जात एक रकाना होता, शब्दाचा अर्थ लिहायचा. तो विचारायला तिने घरी फोन केला, तेव्हा मी गिरणीवर होते. फोन नामाने घेतला.

“खाला म्हणजे काय हो?” तिने विचारलं.

“खाला म्हंजे खाला. जेवला,” नामा म्हणाला, आणि वर रुबाबात, “लिवा तुमी.”

आता आमच्या कोळीवाड्यात मासा कोणी ‘खाल्ला’ म्हणत नाही, ‘खाला’च म्हणतात. एक ल वाचवून आम्ही काय करतो देव जाणे. सुचिताला वाटलं, मसाला खाण्याचा, नाव खाण्याचं, जुळतंय. तिने अर्थ लिहिला ‘खाल्लेला’, आणि अर्ज गेला.

काही महिन्यांनी ट्रेडमार्कच्या कचेरीतून पत्र आलं. खाण्याच्या वस्तूला ‘खाल्लेला’ हे नाव म्हणजे वस्तूचं वर्णनच झालं, असा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, तुमचं म्हणणं मांडायला या. सुचिताने मला अर्थ विचारला तेव्हा कुठे उलगडा झाला. मी घरी येऊन नामाला बोलायचं ते बोलले.

“मना काय म्हाईत, ती कुठला खाला विचारते,” तो म्हणाला. खरं तर त्याचंही बरोबरच होतं, पण त्या दिवशी मी ते कबूल करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

सुनावणीला मी आणि सुचिता गेलो. टेबलामागचे अधिकारी सडपातळ, शांत बोलणारे होते. मी सांगितलं, “साहेब, खाला म्हणजे मावशी. आपल्या रायगडातले कोकणी मुसलमान आईच्या बहिणीला खाला म्हणतात.”

त्यांनी अर्जावरचं माझं नाव पुन्हा वाचलं. जयमाला नामा कोळी. “मग ही मावशी तुमची कशी?”

“शेजारची होती,” मी म्हणाले.

त्यांनी पाकिटावरच्या चित्रावर बोट ठेवलं. “ही खरी बाई आहे?”

“खरी.”

“हयात आहे?”

“आहे.”

“मग तिची लेखी संमती आणा. जिवंत माणसाचं नाव आणि चेहरा असा परस्पर घेता येत नाही. संमती आणलीत तर शब्दाच्या अर्थाचाही प्रश्न सुटेल. नाही आणलीत तर अर्ज नामंजूर करावा लागेल. एक महिना देतो.”

सुचिता खूश झाली. तिच्या मते काम सोपं झालं होतं. मला मात्र ते सोपं वाटेना, कारण ते नाव मी परस्परच घेतलं होतं.

शकिलाखाला आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. श्रीवर्धनकडची, नवरा बोटीवर होता तो वारलेला, पदरी एक मुलगा शौकत. एकोणनव्वद साली नामाची कंपनी बंद पडली. घरात दोन लहान पोरी, आणि नामा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी मसाला करून विकायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी धुराने अख्खी आळी खोकायला लावली. खाला दारात येऊन उभी राहिली.

“काय गो, मिरची भाजतंस का जालतंस?”

तिने माझ्या हातातला उलथना काढून घेतला तो पंधरा दिवस परत दिला नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, धणे वासावर उतरवायचे, दगडफूल सगळ्यात शेवटी आणि विस्तवावरून कढई उतरवल्यावरच घालायचं. मी चुकले की ती हातावर चापटी मारायची, माझं लग्न झालेलं आहे, मला दोन पोरी आहेत, याचा तिला काही फरक पडत नव्हता. मसाला जमला, तर तो घेणार कोण? मी तेव्हा लोकांशी बोलायला घाबरायचे. आज हे सांगितलं तर नामा हसतो. खाला स्वतःच्या पिशवीत पुड्या घालून माझ्याबरोबर बिल्डिंगी चढली. दार उघडलं की ती म्हणायची, “ही माजी भाची. हिच्या हातचा मसाला घेऊन बगा.” मी नुसती मागे उभी. सहा महिन्यांनी पोरींच्या शाळेची चिंता मिटली. नामाही भिंतीकडून आमच्याकडे वळला आणि पुड्या बांधायला बसला. या बाईने माझा संसार सावरला, हे मी कुठेही उभी राहून सांगेन.

आणि तरी मी तिला तीन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. शौकतला तळोज्याच्या कंपनीत काम लागलं तेव्हा ती दोघं नावड्याला राहायला गेली. पुढच्या वर्षी मी छापील पाकिटं काढली. नाव काय द्यायचं हा प्रश्नच पडला नाही, गिऱ्हाइकं ‘खालाचा मसाला’ म्हणूनच मागायची. पेंटरला एक जुना फोटो दिला आणि चित्र काढून घेतलं. ईदला जाऊन तिला सांगू म्हटलं, तर ईदला मोठी पोरगी आजारी पडली. मग लगीनसराई, मग आणखी काही. एक वर्ष गेल्यावर सांगायची लाज वाटायला लागली, आणि दुसरं वर्ष त्या लाजेतच गेलं. लांब म्हणावं तर नावडं काही विलायतेत नाही, दोन गाड्या बदलल्या की आलं.

सुचिताने स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र टाइप करून दिलं, मुद्दाम मराठीत. मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मी निघाले. तोवर रोज उद्यावर ढकलत होते. कळंबोलीला उतरून टमटम पकडली आणि वाटभर मनातल्या मनात माफी मागत गेले.

खालाने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आलीस? बस.”

मी बसले. घरात मसाल्याचा वास होता, माझ्याच मसाल्याचा. चुलीशेजारच्या फळीवर ‘खाला मसाला’चं पाकीट उघडून कपड्याची क्लिप लावून ठेवलेलं होतं. घोकून आणलेलं सगळं मी विसरले.

“खाला, मी तुला न विचारता तुजं नाव घेतलं. चित्र पन घेतलं. चुकी झाली.”

“मना म्हाईत हाय,” ती म्हणाली. “शौकतने दोन वर्सांपूर्वी पाकीट आनलान. बोलला, अम्मी, तू दुकानात लटकतेस. मधी एकदा बिनचष्म्याची खाला आनलान, तिच्यात दगडफूल नव्हता. दुकानदाराला परत करायला लावला.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

“पाकीट येत होता गो घरी,” ती म्हणाली. “तूच येत नव्हतीस.”

 मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. तिने तिकडे पाहिलं. “पिशवीत काय आनलंस? कागद हाय ना? चेहऱ्यावरून कलतंय, कागद हाय.”

मी तिला नोंदणीचं सगळं सांगितलं. तिची सही मिळाली नाही तर नाव जाईल, आणि उद्या ते बिनचष्म्यावाल्याने घेतलं तर मलाच ते वापरता येणार नाही, हेही सांगितलं. खालाचं शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत, मराठी तिला वाचता येत नव्हतं. “वाच,” ती म्हणाली.

मी वाचायला लागले. “मी, शकिला, राहणार नावडे, लिहून देते की ‘खाला मसाला’ या नावास व त्यावरील माझ्या चित्रास माझी हरकत नाही. अर्जदार जयमाला कोळी यांच्याशी माझे कोणतेही नाते अथवा…”

मी थांबले. ते वाक्य मी आधी वाचलंच नव्हतं. सुचिताने कागद दिला आणि मी घडी घालून पिशवीत टाकला होता.

“पुढे वाच.”

“अथवा व्यवसायात हितसंबंध नाही.”

“त्याच्या आधीचा वाच.”

“माझे कोणतेही नाते…”

“नाय,” खालाने वाक्य पुरं केलं. तिने चष्मा काढला आणि ओढणीने पुसत बसली. “म्हनून नाय आलीस तीन वर्सं? नाता नाय म्हनून?”

“वकिलांनी लिवलंय गो ते. कायद्याचं असतं.”

“वकिलीन माज्याबरोबर बिल्डिंगी चढली होती? दारोदार भाची बोलून तुला उभी केली ती मी. आता माज्याच सहीने लिवून देऊ का, ही माजी कोन नाय? मी सही नाय करनार.”

मला रडू फुटलं. नाव जाणार म्हणून नव्हे. नावाचा त्या क्षणी मला विसर पडला होता. ज्या बाईने मला उभं केलं तिच्या समोर बसून मीच मोठ्याने वाचत होते की आमचं नातं नाही. तिने मला रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, “कागदातली ती ओल काडता येते का, वकिलिनीला विचार.”

कोपऱ्यावरच्या पीसीओतून मी सुचिताला फोन लावला. ती म्हणाली, “ते तर नेहमीचं वाक्य आहे जयमालाताई, सगळ्या संमतीपत्रांत असतं. काढायचं असेल तर रेघ मारा, आणि खाडाखोडीच्या बाजूला दोघींनी सह्या करा. चालतं.”

परत येऊन मी त्या ओळीवर रेघ मारली. खालाने ती नीट पाहिली, आणि अक्षरं अजून दिसतात म्हणून आणखी दोन मारायला लावल्या. मग म्हणाली, “आता वर लिव, मी सांगते ता.”

मी पेन धरलं. ती सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत लिहिलं: ‘जयमाला माजी भाची हाय. मी तिची खाला हाय. खालाला खाला बोलायला भाचीला कोनाला विचारावा लागत नाय.’

बाजूला माझी मराठीत सही, तिची उर्दूत. ती सही करेपर्यंत मी कागद दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला. रेघांखाली काय होतं ते उजेडाकडे धरून पाहिलं.  शेवटी त्यांनी मूळ अर्जातला ‘खाल्लेला’ खोडला, वर ‘मावशी’ लिहिलं आणि म्हणाले, “अर्थ स्पष्ट झाला. नाव मान्य करतो. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येईल, कोणाची हरकत आली नाही तर नोंद पक्की.” हरकत कोणाचीच आली नाही. बिनचष्म्याची पाकिटं बाजारातून आली तशीच नाहीशी झाली.

नाव मान्य झालं त्या दिवशी कचेरीतून परतताना सुचिता वाशीला उतरली आणि मी घर सोडून तशीच पुढे नावड्याला गेले. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. खालाने दार उघडलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

“आज कुटे सही करायची?”

“कुठंच नाय,” मी म्हणाले. “जेवायला आले.”

 ती आत वळली, आणि मला तिचा पाट सरकवल्याचा आवाज आला.