खिडकीतलं ताट

"ज्या सकाळी माझ्या खिडकीत ताट दिसणार नाही, त्या सकाळी दार वाजव हं, पोरी," मिस युना कुंपणापलीकडून म्हणाल्या, तेव्हा वरदा तनूची झबली दोरीवर वाळत घालत होती. लाकडी चिमटा दातांत धरूनच तिनं "शुअर, शुअर" केलं आणि पुढचं झबलं झटकलं.

"तिकडे वेस्ट इंडीजमध्ये, ग्रेनेडात आमच्या घरी पहिलं ताट वाटसरूचं असायचं. इथे नॉटिंगहॅममध्ये कोण येतंय? पण माझ्या हातांना ते कोणी सांगावं!"

म्हातारीच्या गप्पा म्हणून वरदानं ते सोडून दिलं. ताट मात्र तिला सोडेना. मागच्या बोळाकडे उघडणाऱ्या त्या खिडकीत रोज सकाळी पालथ्या वाडग्याखाली झाकलेलं ताट यायचं, आणि तनूची आंघोळ उरकून वरदा पाहायला येईपर्यंत ते रिकामं झालेलं असायचं. एकट्या बाईच्या घरी खातं कोण? वरदा एम.एस्सी. झालेली, करणी-भानामतीवर तिचा विश्वास नव्हता. तरी तिनं पाळणा त्या बाजूच्या भिंतीपासून लांब सरकवला. मिस युनांनी तनूसाठी दिलेली रताळ्याची खीर, वर जायफळ किसलेलं पाहून, गुपचूप बिनमध्ये टाकली. किती घातलंय कोण जाणे. पोर उठलंच नाही तर?

"अगं, आपल्या बाळगुटीत काय असतं?" क्षितिज म्हणाला. तिचा नवरा, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्या महिन्यात सगळ्या रात्रपाळ्याच लागल्या होत्या.

"ते आपण उगाळतो. वेढे मोजून."

"खायला घालणाऱ्या बाईवर एवढा पहारा? चोरावरसुद्धा कोणी ठेवत नाही."

"तिच्या घरात कोणीतरी लपून राहतंय, लिहून ठेव. आणि तू तिथलं काही खायचं नाहीस. कळलं?"

"हो, मॅडम."

मग संशयाला दुसरं तोंड फुटलं. पाळीवरून आलेला क्षितिज नाश्ता नको म्हणू लागला. कॅन्टीनमध्ये टोस्ट खाल्ला म्हणायचा, पण जॅकेटला वास यायचा नारळाच्या दुधाचा. वरदा पोहे झाकून ठेवायची. हॉस्पिटलात कोण एवढी प्रेमानं भरवणारी भेटली? तो झोपला की ती त्याचा फोन उचलायची, आणि तसाच खाली ठेवायची.

त्या शनिवारी मँचेस्टरला शशीमावशीकडे जायचं होतं. निघायच्या घाईत वरदानं सवयीनं मागे डोकावलं. ताट नव्हतं. चला, ब्याद टळली, असं मनाशी म्हणत ती तनूचा हरवलेला मोजा शोधायला लागली.

ट्रेन सुटायच्या आधीच क्षितिजला झोप लागली. शेफील्ड मागे पडल्यावर तो जागा झाला.

"काही आहे का गं खायला? सपाटून भूक लागलीये."

"का? आज टोस्ट नाही मिळाला?"

तो तनूच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

"चिडू नकोस. मी मागच्या बोळानं येतो ना... एकदा त्यांनीच हाक मारली. ये, खा म्हणाल्या. नारळाच्या दुधातला नीरफणस, वरदा! रत्नागिरीला आई करायची ना, तस्सा. मग रोजच जायला लागलो. आज ताटच नव्हतं. म्हटलं, झोपल्या असतील."

वरदाच्या दातांत त्या चिमट्याच्या लाकडाची चव आली.

"त्यांचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"नाही. तुझ्याकडे? तू तर शेजारी..."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो वाक्य न संपवताच उठला आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावत डब्याच्या दाराकडे गेला.

वरदानं गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. तिथे तिचा आधीचा एकच मेसेज होता: काही लोक खिडकीत अन्न ठेवतात, त्यानं उंदीर येतात. खाली शेजाऱ्यांचे अंगठे. तनूला एका हातानं छातीशी धरून ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहू लागली.

'मी ट्रेनमध्ये आहे, लांब आहे. हे जो कोणी वाचत असेल त्यानं हातातलं काम टाकून चौदा नंबरला, मिस युनांकडे जावं. पुढचं दार उघडलं नाही तर मागच्या बोळात जा, खिडकी तिकडे आहे. जोरात हाका मारा. आणि भूक लागलीये म्हणून सांगा. त्या उठतील.'