तळ दाखवणारं यंत्र

मासे शोधायचं यंत्र घ्यायचं खूळ मेहुण्याच्या डोक्यात शिरलं आणि दाजींच्या तोंडची चवच गेली. दोन माणसांची वल्ह्याची होडी, गळ आणि डबा ठेवला की पाय पसरायला जागा नाही, आणि याला म्हणे पाण्याखालचं पडद्यावर बघायचंय! पण नको म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं.

ते ‘का’ पंपघरामागच्या डोहात होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिथं सासऱ्यांशी बाचाबाची झाली. दाजींनी रागाच्या भरात ढकललं, म्हातारा दगडावर आपटला तो उठलाच नाही. दाजी प्लंबर, लोखंडी पाइपांना काय तोटा! पाइप बांधून त्यांनी सासऱ्यांना डोहात सोडलं आणि म्हातारा रुसून घर सोडून गेल्याची आवई उठवली. दार वाजलं की बायको अजून धावते. होडीत मागं बसून दिशा तेच धरायचे, त्यामुळे डोह आला की लांबूनच वळायचं. “तिथं नुसता गाळ, गळ अडकतो. मी कधी फिरकलोही नाही,” हे त्यांचं ठरलेलं.

दुकानातल्या बाईनं काउंटरवर दोन यंत्रं मांडली.

“हे लहान, चेंडूसारखं पाण्यात सोडायचं. मासा आला की माशाचं चित्र येतं, पण तळाचं फारसं कळत नाही. हे दुसरं होडीच्या कडेला लावायचं. यात बुडालेल्या झाडाच्या फांद्यासुद्धा दिसतात.”

“लहानच बरं,” दाजी घाईनं म्हणाले. “ते धूड ठेवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?”

“लहान यंत्र खोल पाण्यात चालेल का पण?” मेहुणा म्हणाला. “मला एकदा पंपघरामागं बघायचंय.”

“न चालायला काय झालं? तिथं जेमतेम तीस फूट. काठाशी एक टप्पा, मग एकदम खाली, आणि तळ कसा फरशीसारखा!”

पाण्याची खोली सांगायची म्हटलं की दाजींची छाती फुगायची. सगळ्या गळवाल्यांचं तसंच असतं. पण जिभेला हाड नसतं. शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी जीभ चावली.

मेहुणा त्यांच्याकडे वळला. “तुम्ही तर गाळ म्हणायचात. तिथं कधी गेलोच नाही म्हणायचात.”

“अरे, ऐकलंय कुणाकडून तरी...”

“कुणाकडून?”

मेहुण्यानं लहान यंत्र बाजूला सारलं. “बाई, दुसरं बांधा.”

बाहेर आल्यावर त्यानं खोकं दाजींच्या हातात दिलं. त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि दाजींना त्याचीच जास्त भीती वाटली.

“उद्या सकाळी पंपघरामागं जाऊ. ताईलाही काठावर बोलावतो. होडीत तुम्ही पुढं बसा. पडदा तुमच्यासमोरच लावतो. मागं मी बसेन.”